बटाट्याची साक्ष

आमच्या गोडाऊनमध्ये परत आलेला प्रत्येक एअर फ्रायर बटाटा भाजून दाखवेपर्यंत गुन्हेगार समजला जाई. हा नियम कंपनीचा नव्हता. कंपनीचा नियम दोन मिनिटांचा होता. पिन लावा, दिवा लागतो का बघा, पंखा फिरतो का ऐका, शिक्का मारा आणि पुढचा खोका घ्या. बटाट्याचा नियम जॉबरचाचांचा होता आणि त्याला चाळीस मिनिटं लागत.

लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणाऱ्या माणसाला आमच्या भिवंडीत जॉबर म्हणतात. चाचांनी तीस वर्षं दुसऱ्यांचे लूम दुरुस्त केले होते. मग ते लूम एकेक करून वजनावर भंगारात गेले आणि चाचा भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये आले. तिथं ऑनलाइन विकलेला आणि लोकांनी परत पाठवलेला माल येतो. आम्ही दोघं त्या रिटर्न खात्यात. ते तपासायचे, मी कॉम्प्युटरवर नोंद करायची. मी बी.कॉम. होऊन नुकतीच लागले होते. आमच्या घरात पदवी घेतलेलं माझ्याआधी कुणी नाही. पहिल्या दिवशी मला चाकांची खुर्ची मिळाली, तेव्हा मी ती हलू नये म्हणून दिवसभर पाय जमिनीला घट्ट दाबून बसले होते.

"चाचा" म्हटलेलं त्यांना आवडत नसे. "मी कुणाचा चाचा नाय. चाचा म्हटलं की लोक चहा मागवायला सांगतात. जॉबर म्हण." मला वडीलधाऱ्या माणसाला नुसतं जॉबर म्हणवेना, म्हणून मी दोन्ही जोडून जॉबरचाचा म्हणू लागले. त्यावर ते म्हणाले, "शिकलेली पोरगी. दोन्हीकडून पास व्हायला बघते."

अंगाने वाळलेले, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू ड्रायव्हर, चष्म्याच्या काड्यांना मागे सुताची दोरी. आणि कानांत कापसाचे बोळे. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात राहूनही त्यांचे कान शाबूत होते, ते या बोळ्यांमुळे. बरोबरचे सगळे चाळिशीतच बहिरे झाले, असं ते अभिमानाने सांगत. लूम सुटले तरी बोळे सुटले नव्हते. खरंच काही ऐकायचं असेल तरच ते बोळे काढून मुठीत धरत. फ्लोअर मॅनेजर सरांच्या सकाळच्या मीटिंगमध्ये ते कधी निघाले नाहीत.

मी पहिल्याच आठवड्यात, नियम पाठ करून आल्यामुळे, त्यांना विचारलं होतं, "जॉबरचाचा, दिवा लागतोय, पंखा फिरतोय, मग पुढे पाठवायला काय हरकत आहे?"

"आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचा दिवा पण लागतो," ते म्हणाले. "सहा वर्ष झाली. आम्ही चौथ्या माळ्यावर चालत जातो."

मग त्यांनी स्कूटरच्या डिकीतून आणलेल्या पिशवीतला एक बटाटा काढला. बटाटे ते स्वतःच आणत, मातीसकट, मध्यम आकाराचे, सगळे एका मापाचे. साल काढायची नाही. नळाखाली ब्रशने घासायचा आणि फडक्याने इतका कोरडा करायचा की हाताला सुकं लागलं पाहिजे. "ओला बटाटा टाकलास तर तो भाजत नाय, उकडतो. आणि मग तू मशीनला शिव्या देतेस." मग त्याला स्क्रू ड्रायव्हरने आठ-दहा भोकं. हा स्क्रू ड्रायव्हर वेगळा, धुतलेला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. "भोक पाडलं नाय तर आतल्या आत वाफ धरतो आणि फुटतो. आपल्या सरांसारखा." मग तळहातावर चार थेंब तेल, चिमूटभर जाडं मीठ, आणि बटाट्याला असं चोळायचं, जसं तान्ह्या मुलाला. दोनशेवर चाळीस मिनिटं, मधे एकदा उलटा करायचा. बाहेर काढल्या काढल्या सुरीने चीर द्यायची, नाहीतर आतली वाफ सालीला परत मऊ करते.

एवढं झाल्यावर परीक्षा. चाचा बोळे काढत, बटाटा कानाजवळ नेत आणि सालीवरून अंगठ्याचं नख ओढत. मग एक घास खात, डोळे मिटून. आणि निकाल देत. निकाल चारच होते: खणखणीत, ठीक, ओला आणि मेला. कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये त्यासाठी जागा नव्हती, म्हणून मी एक दोनशे पानी वही घातली. वहीत मशीनचा नंबर, तारीख आणि बटाटा, असे तीन रकाने आखून घेतले होते. रेघा लाल पेनने. शाळेत लागलेली सवय.

"दिवा खोटं बोलतो, पंखा खोटं बोलतो, परत पाठवणारा माणूस तर बोलतोच बोलतो," चाचा म्हणत. "बटाटा बोलत नाय. त्याला कुणाकडनं काय घ्यायचंय?"

परत पाठवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत मुळीच चांगलं नव्हतं. भिंतीवर सरांनी एक बोर्ड लावला होता, ग्राहक हाच देव. चाचा त्याच्याकडे बघून म्हणत, "देव दिलेलं परत मागवत नाय, दिलेलं परत पाठवत पण नाय. हे कुठले देव?" एकाने कढई समजून भांड्यात काठोकाठ तेल ओतलं होतं आणि ते तसंच, तेलासकट, खोक्यात बंद करून पाठवलं होतं. तक्रारीत लिहिलं होतं, 'तेल वाचत नाही.' एकाने अर्धा समोसा आत ठेवूनच पाठवला. चाचांनी तो समोसा कंपनीच्या नियमानुसार ग्राहकाची वस्तू म्हणून परत पाठवायची नोंद करायला मला सांगितलं आणि मी, नवीन असल्यामुळे, केलीसुद्धा.

त्यांच्या नाकाची ख्याती कानापेक्षा मोठी होती. एकदा एक मशीन आली. तक्रार होती, 'गरम होत नाही.' चाचांनी टोपली बाहेर ओढली, एकदा हुंगली, आणि हात लांब करून माझ्यासमोर धरली.

"काय वास येतो?"

"कसलाच नाही," मी म्हटलं.

"मोजे," चाचा म्हणाले. "पावसाळ्यात मोजे सुकवलेत ह्यात. शाळेचे, पांढरे."

"पांढरे हे वासावरून कसं कळलं?" पॅकिंगच्या टेबलावरच्या मावशींनी विचारलं.

"रंगीत मोज्याला असला वास येईपर्यंत आई थांबत नाय, धुते. पांढऱ्याला पावडर मारते आणि दिवस ढकलते."

गरम होण्याच्या तारांच्या मागून चाचांनी चिमट्याने एक पांढरा धागा काढून दाखवला. त्या दिवसापासून मावशींनी त्यांच्या नाकावर पूर्ण विश्वास टाकला. त्याला कारणही होतं. मावशींचे उपास फार. संकष्टी, एकादशी, गुरुवार, मधेच एखादा नवसाचा. उपासाला बटाटा चालतो, आणि आमच्या खात्यात भाजलेल्या बटाट्यांची रोज आरास. पण वापरून परत आलेल्या मशीनमध्ये आधी कुणी काय शिजवलं असेल, कोण सांगणार? तेव्हा उपासाच्या दिवशी मावशी येऊन उभ्या राहत आणि चाचा एकेक टोपली हुंगून निवाडा करत. "ह्यात कोंबडी. ह्यात पापलेट. ह्यात बी कोंबडी, पण रविवारची, जुनी. ही घे. ह्यात फक्त पनीर झालंय आणि ते पण बिघडलंय." मग त्या शुद्ध टोपलीत मावशींचा बटाटा, मावशींनी घरून आणलेलं सैंधव लावून. पॅकिंगच्या बायकांचे वर्षभरातले सगळे उपास एका रोजे धरणाऱ्या माणसाच्या नाकाच्या भरवशावर पार पडले आणि कुणाच्या देवाने तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

घरी हे सांगितलं तर आई म्हणाली, "बटाटा भाजाला एवरी मोठी मशीन? आपले चुलीन न्हाय का भाजत?" खारबाव गावात आमच्याकडे अजून मागच्या पडवीत चूल आहे. वडिलांनी मात्र फक्त एकच विचारलं, "कायम कधी करणार?"

तोच खरा प्रश्न होता. मी वर्षाच्या करारावर होते. वर्ष भरत आलं होतं आणि कायम करण्याचं पत्र सरांच्या शिफारशीवर होतं. आणि सरांचं चाचांशी पटत नव्हतं. सर माणूस वाईट नव्हते. बोलायला मऊ, वेळेवर येणारे. ते जैन होते, बटाटा त्यांच्या घरातच येत नव्हता, आणि इथं तर त्यांच्या खात्यात बटाट्यांवरच काम चालत होतं. पण सरांची खरी अडचण धर्माची नव्हती, वेळेची होती. दुसऱ्या गोडाऊनमध्ये दिवसाला शंभर मशीन निघत. आमच्याकडे चाचा वीस काढत, तेही आनंदाने नाही.

"जॉबरजी, थोडा फास्ट करो ना," सर म्हणत.

"मैं तो फास्ट हूँ, साहब," चाचा कानांत बोळे घट्ट करत म्हणत. "आलू को बोलो."

मग रमजान लागला आणि एक अडचण उभी राहिली. रोजा असताना चाचा घास कसा घेणार? पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं नख ओढून, हुंगून निकाल द्यायचा प्रयत्न केला. पण समाधान होईना. मग त्यांनी मला समोर बसवलं.

"आजपासून ईदपर्यंत जीभ तुझी."

"मला नाही जमणार, जॉबरचाचा."

"बी.कॉम. जमलं ना? हे त्याच्यापेक्षा सोपं हाय. ह्यात उत्तर तोंडात असतं."

त्यांनी मला शिकवलं. पहिला चावा पुढच्या दातांनी, सालीसकट. साल तुटताना आवाज आला पाहिजे, मग मधे थोडा कोरडेपणा, मग आत लोण्यासारखं मऊ. साल चामड्यासारखी ताणली गेली तर ओला. आत चिकट लागला तर मेला. मी खायची आणि वहीत लिहायची. त्या महिन्यात माझं वजन वाढलं, पण मी इतकी मन लावून कधी अभ्याससुद्धा केला नव्हता.

नेमका त्याच वेळी एका नव्या मॉडेलचा ढीग आला. चाळीस मशीन, सगळ्यांची तक्रार एकच: 'बटाटे कुरकुरीत होत नाहीत.' दर मशीन चाचा दोष शोधायला आधी पूर्ण खोलून परत जोडत, म्हणून आमच्या टेबलावर तीन आठवडे त्याच मशीन होत्या. दिवा लागत होता, पंखा फिरत होता. पण बटाटा? ओला. दुसरा, ओला. दहावा, ओला. मी प्रत्येक घास पुढच्या दातांनी, सालीसकट, प्रामाणिकपणे घेतला आणि चाळीस वेळा लाल रेघेच्या आत 'ओला' लिहिलं. चाचा खूश होते. "बघ. दिव्यावर गेलो असतो तर हा सगळा कचरा परत लोकांच्या घरी." त्यांनी चाळीसच्या चाळीस मशीन बाद केल्या.

वरून फोन आले. इतकी मशीन एकदम बाद होतात म्हणजे काय? मुख्य ऑफिसातून क्वालिटीच्या मॅडम स्वतः बघायला येणार असं कळलं. आदल्या दिवशी दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर टेबलावर माझी फाइल होती.

"उद्या मॅडमसमोर एक मशीन लावायचं. खाऊन तू सांगायचं. जे आहे ते सांग," सर म्हणाले. मग अगदी मऊ आवाजात, "माझं म्हणणं एवढंच, मशीन चांगली असतील तर बटाट्याचा हा कारभार बंद होईल. खराब असतील तर तो चालू राहील आणि मला वर उत्तर द्यावं लागेल. तुझं पत्र पण मलाच लिहायचं आहे. बस. बाकी जे आहे ते सांग."

त्यांनी धमकी दिली नाही. दिली असती तर मला रागावता आलं असतं.

मी चाचांना सांगितलं. ते फडक्याने बटाटा पुसत होते. "मग? खायचं आणि बोलायचं. दोन कामं हायत, दोन्ही तोंडाची. मला कशाला विचारतेस?"

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मार्च महिना होता आणि पत्र्याखाली फ्लोअरवर उभं राहवत नव्हतं, म्हणून सरांनी मशीन स्वतःच्या केबिनमध्ये लावायला सांगितलं. तिथं एसी होता. चाळिसांतली कुठलीही एक निवडा, असं मॅडमना सांगितलं. त्यांनी खालून तिसरी निवडली. चाचांनी बटाटा घासला, पुसला, भोकं पाडली, तेलमीठ चोळलं. चाळीस मिनिटं आम्ही चौघं त्या केबिनमध्ये त्या मशीनकडे बघत बसलो, जणू आत कुणाचं ऑपरेशन चाललं होतं.

घंटी वाजली. चाचांनी बटाटा काढला, चीर दिली, बशीत ठेवला. वाफ वर आली. मग सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"मॅडम, प्लीज," सर म्हणाले.

"मी कार्ब्ज खात नाही," मॅडम म्हणाल्या. "जानेवारीपासून. तुम्ही घ्या."

"आमच्यात चालत नाही," सर म्हणाले.

"मला रोजा," चाचा म्हणाले.

दारात मावशी उभ्या होत्या. सगळ्यांची नजर तिकडे गेली. "माझी आज संकष्टी हाय बाई," मावशी म्हणाल्या. "बटाटा चालतो, पण त्यांनी साधं मीठ लावलंय. आणि ही टोपली हुंगली कुणी?"

एक बटाटा, पाच माणसं, आणि तो खायला उरले मी. मला आठवतं, त्या क्षणी मला बी.कॉम.चा निकाल लागला त्यापेक्षा जास्त धडधडत होतं. मी बशी उचलली. पुढच्या दातांनी, सालीसकट, चावा घेतला.

साल तुटली. मधे तो थोडा कोरडेपणा. आत लोणी.

खणखणीत होता. मी तीन आठवड्यांत चाखलेला पहिला खणखणीत बटाटा.

मी चावत राहिले. गिळण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी चावत राहिले, कारण गिळलं की बोलावं लागणार होतं. खरं सांगितलं तर मशीन चांगली, म्हणजे चाचा चुकले, म्हणजे बटाटा बंद, आणि माझं पत्र पक्कं. सगळे म्हणणार, पोरीने पत्रासाठी जीभ फिरवली. आणि वही? वहीत माझ्याच अक्षरात चाळीस वेळा 'ओला' लिहिलेलं. खोटं सांगितलं तर चाचा वाचतील. पण ज्या माणसाने मला शिकवलं की बटाटा खोटं बोलत नाही, त्याच्यासाठी त्याच्याच समोर बटाट्याच्या नावावर खोटं बोलायचं? मी चाचांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. खाली मान घालून बसले होते, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या. मला वाटलं, म्हातारा घाबरलाय.

"खणखणीत," मी म्हटलं. माझा आवाज मलाच चोरासारखा वाटला. "कुरकुरीत आहे. मशीन चांगली आहे."

सरांनी पाठ खुर्चीला टेकली. मॅडमनी वही उघडली. "मग हे चाळीस वेळा 'ओला'? अक्षर तुमचंच ना? यातलं खोटं कोणतं?"

"दोन्ही खरं आहे," मी म्हटलं, आणि मला रडू यायला लागलं. कारण दोन्ही खरंच होतं आणि हे कसं, ते मला कळत नव्हतं.

चाचा उठले. कुणाला काही न विचारता त्यांनी तीच मशीन उचलली, फ्लोअरवर आमच्या टेबलावर नेली आणि नेहमीच्या पिनेला लावली. आम्ही सगळे मागून गेलो. पंखा सुरू झाला. चाचा मान कलती करून ऐकत राहिले. मग मशीन पुन्हा केबिनमध्ये, एसीच्या लाइनवरच्या पिनेला. पुन्हा ऐकलं.

"आवाज उतरलेला हाय," ते म्हणाले. "बाहेरच्या लाइनीवर दम नाय. व्होल्टेज कमी."

मग उलगडा झाला. रमजान लागायच्या आदल्याच दिवशी माल हलवायच्या बॅटरीवरच्या ट्रॉल्या चार्ज करायची जागा बदलून आमच्या टेबलाच्या लाइनीवर टाकली होती. दिवसभर त्या वीज ओढत होत्या. दिवा लागत होता, पंखा फिरत होता, पण तारा पुरत्या तापत नव्हत्या आणि माझे बटाटे तीन आठवडे ओले निघत होते.

"पण मग लोकांनी परत का पाठवलं?" मॅडमनी विचारलं. "त्यांच्या घरात ट्रॉल्या आहेत का?"

इथं माझी नोकरी कामाला आली. पत्ते माझ्याकडेच होते. मी कॉम्प्युटरवर ती चाळीस नावं काढली. बहुतेक सगळी भिवंडीतलीच होती, लूमच्या गल्ल्यांतली. तिथं दुपारी सगळे लूम सुरू झाले की घरातला बल्ब पिवळा पडतो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

चाचा त्या यादीकडे बघत राहिले. "साला," ते म्हणाले, "लूम गेले म्हणून मी इथं आलो. हे इथं पण पाठोपाठ आले."

मॅडम समंजस होत्या. चाळीस मशीन पास झाल्या आणि दुसऱ्या शहरांत गेल्या. तिथं बटाटे कसे झाले, ते आम्हाला कळलं नाही. कागदावर मॅडमनी 'वीजपुरवठा तपासावा' असं लिहिलं आणि त्याखाली, 'फ्लोअरवर खाद्यपदार्थ शिजवणे तातडीने बंद करावे.' चाचांना काढलं नाही, मिक्सरच्या तपासणीवर टाकलं. त्याच संध्याकाळी सुटायच्या आधी सरांनी मला पत्र दिलं. मी ते घेतलं. न घेण्याइतकी मी थोर नव्हते, आणि घरी वडील वाट बघत होते. वडिलांनी ते वाचता येत नसताना दोनदा हातात घेतलं आणि उजेडाकडे धरून बघितलं.

मात्र त्या दिवसापासून चाचा माझ्याशी बोलेनात. मिक्सरचं टेबल दहा पावलांवर होतं. मी तिकडे बघितलं की ते बोळे कानांत आणखी आत ढकलत. मला खात्री झाली, त्यांना वाटतंय की मी पत्रासाठी त्यांना विकलं. मी मनात मोठमोठी वाक्यं जुळवली. सत्य, कर्तव्य, गुरू असे शब्द त्यांत होते. एक तर मी लिहूनही काढलं.

ईदनंतर ते कामावर आले तेव्हा हातात शीरखुर्म्याचा डबा होता. माझ्या टेबलावर आपटल्यासारखा ठेवला. मी उभी राहिले आणि पाठ केलेलं बोलायला लागले. "जॉबरचाचा, त्या दिवशी मी जे बोलले ते पत्रासाठी नव्हतं. मला माहीत होतं की तुमचं नुकसान होईल, पण सत्य हे..."

"कसलं सत्य?" चाचांनी तोंड वाकडं केलं. "तू काय केलंस?"

"मी खरं सांगितलं."

"तू सांगितलंस?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसे त्या मोज्यांच्या टोपलीकडे. "अगं, तू चावलीस तेव्हा कर्र करून एवढा आवाज झाला की दारातल्या मावशीने ऐकला. एसी बंद पडला असं वाटलं मला. मी आधीच बोळे काढून बसलो होतो. त्याच्यानंतर तू गाईसारखी दहा मिनिटं काय रवंथ करत होतीस, ते मला अजून कळलं नाय."

मी खाली बसले. चाकांची खुर्ची मागे सरकली आणि मी पडता पडता वाचले.

"मग तुम्ही बोलत का नव्हता माझ्याशी?"

ते कानातला बोळा काढून बोटांत फिरवत म्हणाले, "तुझ्याशी कशाला राग? मी माझ्या कानावर रागावलो होतो. तीन आठवडे पंख्याचा आवाज उतरलेला, आणि मी, जॉबर, ऐकत नव्हतो. का? मशीन वाईट हाय असं आधीच ठरवून बसलो होतो. लूमवर असं केलं असतं तर शेठने कानाखाली मारली असती." मग डब्याकडे बोट दाखवून, "खा. आणि डबा धुऊन दे. तुझ्या सत्याने धुवू नको, साबणाने धू."

मिक्सरच्या टेबलावर शिजवायला बंदी होती, पण वाटायला नव्हती. पंधरा दिवसांत तिथं ओल्या खोबऱ्याची चटणी सुरू झाली. चटणीचे निकाल तीन होते. ते मी वहीत लिहीत नसे, मावशी तोंडपाठ ठेवत. पुढे चाचांनी नोकरी सोडली आणि मी दुसऱ्या कंपनीत गेले.

अलीकडे नोकरीच्या मुलाखतींत हमखास विचारतात, खरं बोलणं अवघड असताना तुम्ही खरं बोललात असा एखादा प्रसंग सांगा. मी भिवंडीचं ते केबिन सांगते. रोजा, संकष्टी, कार्ब्ज, ती बशी, माझी धडधड, सगळं सांगते. समोरचे माना डोलवतात. एकाने तर टिपून घेतलं.

त्या कर्र आवाजाचं मी कुणाला सांगत नाही.